‘केंद्रीय’, ‘केंद्रीकृत’ की आणखी काही? इंटरनेटच्या मार्गनिवडीसाठी शब्द हवे आहेत

प्रश्न
संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपण लिहिते आहे. इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्क. एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा कोणत्या वाटेने जायचा, हे एका जागेवरून आणि लवचिकपणे ठरवण्याची पद्धत समजावायची आहे. मी ‘केंद्रीय व लवचिक आंतरजालीय मार्गनियंत्रण’ असं लिहिलं, पण ते सरकारी खात्याच्या पाटीसारखं वाटतंय. काय म्हणावं?

प्रतिसाद १
‘केंद्रीय’ आधी काढा. मराठीत केंद्रीय मंत्री, केंद्रीय अर्थसंकल्प. वाचक थेट दिल्लीला पोचतो. ‘आंतरजालीय’ही फसवा आहे. ‘आंतरजिल्हा बदली’तला ‘आंतर’ तुम्हाला हवाय, म्हणजे दोहोंमधला. पण ‘आंतरजाल’ हा इंटरनेटचाच प्रतिशब्द रुळलाय, त्यामुळे ‘इंटरनेटवरचं’ एवढाच अर्थ उरतो. सरळ ‘जाळ्या-जाळ्यांमधली’ म्हणा.

प्रतिसाद २
मी नेटवर्कचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. शब्द ठरवण्याआधी आज काय चालतं ते बघा. नेटवर्कांमधला व्यवहार बीजीपी, म्हणजे बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, या नियमावर चालतो. १९८९ मध्ये कर्क लॉघीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी त्याचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर मांडला होता. प्रत्येक नेटवर्क शेजाऱ्याला सांगतं, ‘हे पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील.’ शेजारी ते पुढच्याला सांगतो. यासाठी मला ‘दवंडी’ हा शब्द फार आवडतो, कारण दवंडी ऐकणारा ती खरी धरून चालतो.

२४ फेब्रुवारी २००८ ला हेच भोवलं. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशात बंद करायचं होतं, पण ‘यूट्यूबचे पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील’ ही त्यांची दवंडी देशाबाहेर गेली. यूट्यूबची स्वतःची दवंडी १,०२४ पत्त्यांच्या गटाची होती, पाकिस्तान टेलिकॉमची त्यातल्याच २५६ पत्त्यांची. राउटर, म्हणजे डेटाला पुढची वाट दाखवणारं यंत्र, नेहमी जास्त नेमकी, म्हणजे कमी पत्त्यांची दवंडी मानतो. साधारण दोन तास जगभरातली यूट्यूबची वाहतूक भलतीकडे जात राहिली.

आता ‘केंद्रीकृत’. या शब्दाने असं वाटेल की साऱ्या इंटरनेटवर कुणीतरी एक अधिकारी बसवलाय. तसं अजिबात नाही. एखादं नेटवर्क आपल्या सगळ्या राउटरांचा निर्णय एका जागी आणतं. शेजाऱ्याची स्वायत्तता शाबूत राहते. गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलेली ‘एस्प्रेसो’ ही अशीच व्यवस्था. म्हणून ‘एकसूत्री’ सुचवतो. सत्तेचं केंद्रीकरण त्यात डोकावत नाही.

प्रश्नकर्ती
‘दवंडी’ घेतली! मग हे निर्णय घेणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘सूत्रधार’ म्हणू का?

प्रतिसाद ३
नाटकापुरता उत्तम, पण वर्तमानपत्रांनी तो शब्द कटाला जोडून ठेवलाय. ‘नियंत्रक’ बरा. रेल्वेत सेक्शन कंट्रोलर एका खोलीतून अख्ख्या पट्ट्यातल्या गाड्या हलवतो. विद्यार्थ्यांना ते चित्र चटकन दिसेल. राउटरला मात्र ‘वाटाड्या’ करू नका. वाटाड्या सोबत चालत येतो, राउटर नाक्यावरच थांबून पुढची वाट दाखवतो. ‘राउटर’च ठेवा.

प्रतिसाद २
सहमत. ‘लवचिक’बद्दल एक राहिलं. मराठीत लवचिक म्हणजे वाकवलं तर वाकणारं, न मोडणारं. इथे मुद्दा निवडीच्या मुभेचा आहे. बीजीपीत वाट ठरते ती डेटा कुठे जायचा एवढ्यावरून. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन, जॉर्जिया टेक आणि इतर विद्यापीठांतल्या संशोधकांनी, अनेक नेटवर्क जिथे एकत्र जोडली जातात त्या नाक्यासाठी, वेगळी रचना मांडली. तिच्यात व्हिडिओ एका शेजाऱ्याकडून आणि बाकीचा डेटा दुसऱ्याकडून पाठवता येतो. डेटा कुठून आला यावरूनही वाट बदलता येते. कशाच्या आधारे निवडायचं, हेच ज्याचं त्याने ठरवायचं. ‘लवचिक’ने हे कळत नाही.

प्रश्नकर्ती
मग असं लिहिते: ‘जाळ्या-जाळ्यांमधली एकसूत्री मार्गनिवड: प्रत्येक नेटवर्कने आपल्या सर्व राउटरांसाठीचे निर्णय एका नियंत्रकाकडे सोपवणे आणि वाट निवडण्याचे निकष स्वतः ठरवणे.’ ‘लवचिक’ गेला.

प्रतिसाद १
छान. फक्त शीर्षकात ‘जाळी’ आणि व्याख्येत ‘नेटवर्क’ नको. पुढे सगळीकडे नेटवर्कच येणार असेल, तर वरही ‘नेटवर्कांमधली’ करा.