घरी विड्या वळणारी बाई कायद्याने ‘कामगार’ कधी झाली?

विडीघरकुल_मुलगा
आमची आई २६ वर्षं झाली विड्या वळती, कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणायचा, घरी सूप मांडीवर घेऊन बसायचं, सकाळी माल देऊन यायचं. पीएफ कटतो तिचा. काका म्हणतात हे सगळं मोर्च्यांनी मिळालं, कोर्टाचा काय संबंध. मी लॉ फर्स्ट इयरला आहे, आम्हाला सरांनी १९५० ची विडीची केस शिकवली त्यात तर सरकारच हरलंय. मग घरात बसणारीला पीएफ आला कुठून?

बाळीवेस_वकील
चिंतामण राव केस ती. शेतीला मजूर मिळावेत म्हणून मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातल्या काही गावांत हंगामात विडी करायलाच बंदी घातलेली, सुप्रीम कोर्टाने उडवली, कारण शेतात जाऊच न शकणारे म्हातारे-अपंगही त्यात अडकत होते. सरकार हरलं, पण विडीवाल्यांचं पोट वाचलं ना.
खरी अडचण पुढं झाली. १९५८ मध्ये त्याच नावाच्या दुसऱ्या केसमध्ये कोर्ट म्हणालं, बाहेरून विड्या करून आणणारे सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार, कारखान्याचे कामगार नाहीत. म्हणून १९६६ ला संसदेने विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा केला, घरी माल नेऊन करणारा पण कामगार असं त्यात सरळ लिहिलं. मालक कोर्टात गेले, १९७४ ला मंगलोर गणेश बीडी केसमध्ये कायदा टिकला.

सूप_आणि_कात्री
पीएफचं राहिलं की ओ. ती १९८५ ची पी. एम. पटेल केस. मालकांचं म्हणणं, बाई घरी कधी वळती, कुणाची मदत घेती आम्ही बघत नाही, मग ती आमची नोकर कशी? कोर्ट म्हणालं, माल आल्यावर तपासून खराब विड्या बाजूला काढता ना, तो तुमचा तिच्या कामावर ताबाच झाला, म्हणजे ती तुमचीच नोकर, पीएफ लागू.

विडीघरकुल_मुलगा
थांबा, म्हणजे छाट, खराब म्हणून काढलेल्या विड्या?? ज्याच्यावरून आई रोज चिडून घरी येती, तोच पुरावा?

सूप_आणि_कात्री
तोच 😄

बाळीवेस_वकील
छाटची अजून एक गंमत. किमान वेतनाच्या नोटिफिकेशनमध्ये सरकारने छाटचे नियम घातलेले, ते सुप्रीम कोर्टाने १९६१ ला काढून टाकले, म्हणे या कायद्यात तुम्हाला वेतन ठरवायचा अधिकार आहे, बाकीच्या अटी घालायचा नाही. मग १९६६ च्या कायद्यात छाटच्या भांडणासाठी कलम ३९ आलं. बाकी काका पण चुकीचे नाहीत, सोलापूरजवळ कुंभारीचं विडी कामगारांचं गोदूताई घरकुल काय कोर्टाने बांधलं नाही.

विडीघरकुल_मुलगा
आईला वाचून दाखवलं. म्हणली, आजच्या काढलेल्या विड्या पाठव मग त्या जजसायबाला.