मैफलीत रेकॉर्डिंग, फोटो आणि ते टीशर्ट: सगळ्यालाच बंदी का?

पेठेतला श्रोता:
डिसेंबरात शास्त्रीय संगीताच्या मैफली सुरू झाल्या की पुण्यात हा वाद निघतोच, यंदा मीच काढतो. निवेदक घसा कोरडा करून सांगतात रेकॉर्डिंग करू नका, आणि विलंबित (संथ लयीतलं गाणं) सुरू झालं रे झालं की पुढच्या चार रांगांत मोबाइल वर. मला पण वैताग येतो. पण आयोजक लोक फोटो, रेकॉर्डिंग आणि बाहेर विकले जाणारे कलाकारांच्या चेहऱ्याचे टीशर्ट या तिन्हीची एकच मोट बांधतात ते मला पटत नाही. फोटोचा त्रास त्या क्षणापुरता असतो. रेकॉर्डिंगचं तसं नाही, ते पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडतं. गायक भास्करबुवा बखले गेले १९२२ साली, याच गावात भारत गायन समाज ही संगीत संस्था काढलेला माणूस, आणि त्यांचं गाणं कसं होतं हे आपण फक्त आठवणींत वाचायचं कारण ध्वनिमुद्रणच नाही. माझं म्हणणं एवढंच, बंदी घालायची तर घाला पण मग अधिकृत रेकॉर्डिंग तुम्ही विका, आम्ही पैसे देऊन घेऊ. विकायचंही नाही आणि करूही द्यायचं नाही, मग चोरून होणारच.

डग्गा:
मी तबल्याच्या साथीला बसतो म्हणून बोलतो. "चोरून होणारच" हे वाक्य फक्त समोर बसलेला माणूस बोलू शकतो. गायक रागात काहीतरी नवीन शोधत असतो, एखादी जागा चुकते, पुन्हा प्रयत्न करतो, त्यातच तर मैफलीची मजा आहे ना. आता तेवढाच तुकडा कापून रात्री व्हॉट्सॲपवर, खाली लिहिलेलं "बुवा थकले". मग पुढच्या वेळी बुवा जोखीम घेतच नाहीत, ठरलेलं गाऊन उठतात. नुकसान कुणाचं झालं? आणि जुन्या पिढीतल्या गायिका केसरबाई केरकर रेडिओ आणि रेकॉर्डिंगबद्दल किती कडक होत्या हे सगळ्यांना माहितीये. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली, म्हणजे थोडंच रेकॉर्ड केलं म्हणून नाव पुसलं गेलं असं काही झालेलं नाही.

कॅसेटवाला काका:
डग्गा, केसरबाईंचं उदाहरण उलटं पडतं हो. त्या साडेतीन मिनिटांत त्यांचा तासाभराचा विस्तार कसा होता ते कळतं का? आमच्या पिढीनं घरगुती बैठकांत स्पूल (टेपची रिळं) लावले, यजमानाला आणि कलाकाराला विचारून, एक पैसा न घेता एकमेकांना कॉप्या दिल्या. आज जे यूट्यूबवर ऐकता ना त्यातलं बरंचसं असल्याच कपाटांतून आलंय. अमेरिकेत ग्रेटफुल डेड बँडनं १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना साउंडच्या कन्सोलमागे वेगळी जागाच दिली, अट एकच, विकायचं नाही. बँड बुडाला का? पर्ल जॅम या रॉक बँडनं तर २००० च्या दौऱ्यातल्या मैफली स्वतःच सीडीवर काढून विकल्या.

कलम बहाद्दर:
जरा कायदा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८: सादरीकरणावर कलाकाराचा हक्क, ५० वर्षं. कलाकार म्हणजे फक्त गायक नाही, तबला-पेटीवाले पण. पण कलम ३९ सांगतं की स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या शिक्षण-संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा हक्कभंग नाही. म्हणजे घरी ऐकायला केलं तर या कायद्याखाली गुन्हेगार नाही, अपलोड केलं की संपलं. आता खुश होऊ नका, तिकिटावर "रेकॉर्डिंगला मनाई" छापलं असेल तर आयोजक तुम्हाला बाहेर काढू शकतो, तो करार वेगळा.

लांब लेन्स:
फोटोवाल्यांबद्दल कुणीच बोलेना. रॉकवाल्यांचा नियम असतो पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. तो नियम एका आयोजकानं ख्यालाच्या कार्यक्रमाला जसाच्या तसा लावला! अहो आमच्याकडे तीन गाणी म्हणजे मैफल संपली. त्यापेक्षा सरळ सांगा, आलापात खटखट नाही, सायलेंट शटर लावा, द्रुतमध्ये (जलद लयीत) काढा. दुसरं म्हणजे पास देताना "सगळे फोटो आमचे" अशा कागदावर सही घेतात. कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचा होतो. इथे मोबदला शून्य आणि फोटो मात्र तुमचे, हे कुठलं गणित?

डग्गा:
लेन्सराव, सायलेंट शटर ठीक आहे पण स्टेजसमोर उकिडवे बसून सरकता ते? समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना समोर तुमचं डोकं असतं.

एफसी रोड प्रिंट्स:
टीशर्टवर मीच बोलू का 😅 मी स्वतः चित्रं काढते, डीटीएफ प्रिंट (फिल्मवरून कापडावर छपाई) करून विकते, ओळखीतल्यांनाच. फोटो कुणाचाही ढापलेला नाही. शास्त्रीय कलाकारांचा अधिकृत माल कुठेच मिळत नाही मग फॅननी घालायचं काय? बँडवाल्यांचा मिळतो तो एवढा महाग की कॉलेजच्या पोरांनी विचारच सोडायचा.

कलम बहाद्दर:
चित्र तुमचं पण चेहरा त्यांचा. दलेर मेहंदींसारख्या दिसणाऱ्या गाणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये निकाल दिलाय, आणि २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या केसमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एआय आवाजासोबत त्याचं नाव-चेहरा वापरून माल विकण्यावरही मनाई केली. ओळखीतल्यांना विकणं म्हणजे पण विकणंच.

एफसी रोड प्रिंट्स:
मग मेल करून परवानगी मागितली तर उत्तर तरी द्यायला सांगा ना कलाकारांच्या ऑफिसला. मागितली होती, काहीच आलं नाही.

पेठेतला श्रोता:
हाच तर मुद्दा, परवानगी मागायला दारच नाही. कन्सोलवरून रेकॉर्डिंग तसंही होतंच असतं. महिन्याभरात कलाकारानं ऐकून नको ते गाळून लिंक द्या, तिकिटाच्या अर्ध्या किमतीत. निम्मे मोबाइल आपोआप खिशात जातील.

डग्गा:
निम्मे नाही जाणार, लोकांना गाणं नको असतं, "मी इथे होतो" एवढंच दाखवायचं असतं. पण लिंकची आयडिया चालेल मला. फक्त त्या पैशात तबल्याचा वाटा किती ते कार्यक्रमाआधी लेखी द्या, मागच्या एका सीडीचं मानधन अजून यायचंय.