मदत हवी आहे: मॉरिस मायनरमागे जुनी कॅरॅव्हॅन

मंडळी, 1965 ची मॉरिस मायनर गाडी, 1098 सीसी, डायनामो (जुन्या पद्धतीचा चार्जिंग जनरेटर), पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं). मागे साठच्या दशकातली छोटी ब्रिटिश कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. नोज वेट, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचा गाडीवर पडणारा भार, कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या 5 ते 7 टक्क्यांत बसवलंय. घोडं अडलंय भलतीकडेच.

कॅरॅव्हॅनचा कपलर (बॉलवर बसणारी खोबण) जुना 2 इंची, म्हणजे 50.8 मिमी; गाडीमागचा टो-बॉल (जोडणीचा गोळा) आजचा 50 मिमी. हँडल लागतं, पण ड्रॉबार (कॅरॅव्हॅनचा पुढचा ओढदांडा) वर उचलला की कपलर खुळखुळतो. खड्ड्यात निसटला तर संपलंच! 2 इंची बॉल घ्यावा, की कपलरच बदलावा? नव्याची भोकं जुन्या ड्रॉबारला जुळतात का?

शिवाय इंडिकेटर. कॅरॅव्हॅनचा 21 वॉटचा बल्ब जोडला की मूळ फ्लॅशरची लय बिघडते. बाजारातले इलेक्ट्रॉनिक बायपास रिले (कॅरॅव्हॅनच्या दिव्यांना थेट बॅटरीतून वीज देणारे स्विच) बहुतेक निगेटिव्ह अर्थचे. साध्या कॉइलचे दोन रिले, डावा-उजवा वेगळा, लावून कुणी काम भागवलंय? वायरिंग कसं केलं?