जांभ्याचा गडगा, माडाची झावळ आणि खरा कृष्णधवल फोटो

खाडीपलीकडचा

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. त्यात कृष्णधवल असा वेगळा विभाग होता आणि माझेही दोन फोटो लागले होते, दोन्ही फिल्मवरचे. एक रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढतानाचा, दुसरा आमच्या परसातल्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा. माझ्या शेजारी पावसातल्या पाणंदीचा फोटो होता. सगळं करडं, आणि मधोमध एक छत्री तेवढी लाल ठेवलेली. त्याच्या पलीकडे मोबाइलवर काढून एका टिचकीत रंग घालवलेला बंदराचा फोटो. हे सगळं एकाच विभागात कसं, असं मी विचारलं, तर उत्तर आलं, "रंग दिसत नाही ना, मग झालं." छत्री लाल असूनही! तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून इथे मांडतो.

गडग्याचंच उदाहरण घेतो. गडगा जांभ्या दगडाचा, तांबडा. त्यावर वाऱ्याने पडलेली माडाची ओली झावळ, हिरवीगार. डोळ्यांना दोन्ही लांबूनही वेगळे दिसतात. पण मोबाइलवर काढून रंग घालवले, की झावळ गडग्यात विरघळते, शोधावी लागते. तांबडा आणि हिरवा रंगाने दूर असले तरी उजेडाने जवळजवळ सारखेच असतात, म्हणून. फिल्मवर काढताना हा निवाडा मला आधी करावा लागतो. भिंगावर हिरवा फिल्टर लावला तर झावळ उजळते आणि गडगा काळवंडतो. लाल लावला तर नेमकं उलट. एकदा खटका दाबला की संपलं. झावळ मुळात हिरवी होती हे त्या फिल्मला पुन्हा कधीच कळणार नाही.

माझ्या मते खरा कृष्णधवल फोटो तो, जो काढताना फक्त उजेड नोंदला गेला आणि कुठल्या रंगाला कुठला करडा द्यायचा हे काढणाऱ्याने तिथेच ठरवलं. नंतर रंग पुसलेला तो रंगीत फोटोच. विरोधी मतं हवीच आहेत, पण कारणं द्या.

पिक्सेलकर_रत्नागिरी

काका, गडग्याचा फोटो मी प्रदर्शनात पाहिला, फार आवडला. मत मात्र पटलं नाही.

डिजिटल सेन्सरला रंग कळतच नाही. सिलिकॉनच्या प्रत्येक ठिपक्याला एवढंच समजतं, की आपल्यावर उजेड किती पडला. रंग मिळावा म्हणून त्याच्यावर बारीक फिल्टरांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांचं हे काम, पेटंट १९७६ चं. निम्मे ठिपके हिरव्याखाली, पाव लालखाली, पाव निळ्याखाली. म्हणजे माझा कॅमेरा दर वेळी तीन फिल्टरांतून एकरंगीच नोंद करतो आणि रंग नंतर हिशेबाने तयार होतो. तुम्ही एक फिल्टर लावता, मी तीन लावतो. फरक एवढाच, की तुमची निवड खटक्याच्या आधी होते आणि माझी नंतर.

यात नवीन असं काही नाही. १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत छायाचित्र दाखवलं ते असंच. एकाच रिबिनीचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून काढलेले तीन कृष्णधवल फोटो त्यांनी पडद्यावर एकावर एक टाकले होते. रंगीत फोटोच्या पोटात कृष्णधवल पहिल्यापासून आहे.

तुमची झावळ विरघळली ती मोबाइलच्या ठरावीक हिशेबामुळे. तो हिरव्याला सगळ्यात जास्त वजन देतो, लालला कमी आणि निळ्याला अगदीच थोडं. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, घेऊन मी लाल वर ओढला आणि हिरवा खाली, तर तुमचा लाल फिल्टरच झाला की नाही?

खाडीपलीकडचा

दादा, सेन्सरचा मुद्दा मान्य. पण एका जागी अडतो. तुमच्या फाइलमध्ये झावळ अजून हिरवी आहे. उद्या मन बदललं तर ती परत हिरवी करता येते. काहीही ठरवलं नसताना तुम्ही खटका दाबू शकता, आणि खरं सांगायचं तर बहुतेक जण तसाच दाबतात. फोटो रंगात फसला की म्हणायचं, "ब्लॅक अँड व्हाइट करून बघूया." रंगाच्या चुका झाकायची चादर म्हणून या माध्यमाचा वापर होतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

डिजिटलला माझा विरोध नाही. २०१२ मध्ये लायका कंपनीने एम मोनोक्रोम आणला, त्यात ती रंगांची जाळीच नाही. २०२३ मध्ये पेंटॅक्सनेही तसा एक आणला. त्यात लाल-हिरव्याचा निवाडा काचेच्या फिल्टरनेच करावा लागतो, मागाहून काही होत नाही. ते कॅमेरे माझ्या व्याख्येत चपखल बसतात.

स्पर्धेतला_गडी

छत्रीपुरतं सांगतो. फियाप, म्हणजे छायाचित्रण कलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ, त्यांच्या व्याख्येत हे स्वच्छ आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा असतील तर मोनोक्रोम. अख्खा फोटो एकाच रंगाच्या झाकेत असेल, उदाहरणार्थ सेपिया, तरी मोनोक्रोम. पण फोटोच्या काही भागालाच अशी झाक दिली (अर्धवट टोनिंग) किंवा एक रंग वरून घातला, की तो रंगीत. तेव्हा छत्री रंगीत विभागात जायला हवी होती. फोटो कशाने काढला हे ते विचारत नाहीत, आणि विचारूही नये. लोक समोरचा कागद बघतात. तुम्ही कुठल्या क्षणी काय ठरवलंत हे कागदावर दिसत नाही.

स्टुडिओवाली

आमचा बंदरावर स्टुडिओ होता. आजोबांनी काढला, बाबांनी चालवला आणि आता मी त्यातली खोकी आवरते आहे. त्या खोक्यांच्या भरवशावर बोलते.

फिल्म उजेड 'नोंदते' असं काका म्हणतात, जणू ती साक्षीदार आहे. आजोबांच्या वेळच्या काचेच्या प्लेटा बघा. त्यांना लाल दिसायचंच नाही आणि निळा भरमसाट दिसायचा. म्हणून त्या काळच्या समुद्राच्या फोटोंत आकाश पांढरं फटक, ढगाचा मागमूस नाही. नवरीचं कुंकू काळं आणि लाल शालूही काळा. तुमचा गडगा त्या प्लेटेवर डांबर फासल्यासारखा आला असता. हा निवाडा कोणी केला? आजोबांनी नाही केला, रसायनाने केला. १८७३ मध्ये हर्मान फोगेल यांनी रंगद्रव्यं मिसळून प्लेटेला हिरवं दाखवायला शिकवलं, आणि लाल दिसू लागायला त्यानंतरही कित्येक वर्षं गेली. तुमच्या व्याख्येप्रमाणे आजोबांचे सगळे फोटो खोटे ठरतात, कारण त्यांनी काही ठरवलंच नव्हतं.

आणि बाबा निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करायचे. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जायची. प्रिंट काढताना एन्लार्जरखाली हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवायचे. गिऱ्हाइकाने मागितलं तर त्याच प्रिंटवर ब्रशने साडीला रंग भरायचे. तेव्हा 'मागाहून काही करायचं नाही' हा नियम आमच्या डार्करूममध्ये कधीच नव्हता.

मला विचाराल तर खरा कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावरची चांदी. काळं दिसतं ती खरीखुरी चांदी असते, अतिबारीक कणांची. पडद्यावर दिसतं ते त्याचं वर्णन. आता दोघांनीही रागवा.

आणि काका, रापणीचा फोटो कुठल्या फिल्मवर होता?

खाडीपलीकडचा

ताई, नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. इलफर्डची एक्सपी-टू. घरी धुतली नाही, शहरातल्या रंगीत लॅबला दिली होती.

स्टुडिओवाली

मला तसंच वाटलं, इतका मऊ करडा तिथूनच येतो. ती फिल्म सी-४१ नावाच्या रसायनप्रक्रियेत धुतात, रंगीत रोलासारखी. त्यात चांदी सगळी निघून जाते आणि मागे राहते ती रंगद्रव्याची प्रतिमा. फोटो उत्तम आहे. पण माझ्या व्याख्येत तो बसत नाही आणि तुमच्या व्याख्येत बसतो, हे मला नीटसं पटलेलं नाही.

खाडीपलीकडचा

त्या फिल्मने उजेडच नोंदला, रंग नोंदलेच नाहीत. म्हणून बसतो. चांदी हे वाहन झालं.

आजोबांच्या प्लेटांचा मुद्दा मात्र मी दिवसभर घोळवला. मला वाटतं, प्लेटेला लाल दिसत नाही हे आजोबांना पक्कं माहीत असणार. नवरीच्या शालूपुढे पांढरा पडदा लावायचा की काळा, हे ते त्यावरूनच ठरवत असतील. ठरवणं तिथेही होतंच.

स्टुडिओवाली

पडदे दोन होते खरे. एक पांढरा, एक करडा. याचा मी कधी विचार केला नव्हता.

मालवणचो_झील

तुमच्या सगळ्यांचा वाचलंय. चांदी काय नि फिल्टर काय, माका त्यातला कळणा नाय. पण एक विचारतंय. रापणीचो फोटो दर वक्ताक काळो-पांढरोच कित्याक?

माझो बापूस चाळीस वर्सा रापणीर होतो. आमचा पाणी निळा. जाळ्यात बांगडो येता तेव्हा त्याच्या पाठीर हिरवा-निळा चमाकता. होडयेक लाल-पिवळो रंग आमीच लावतंव. ता सगळा पुसून तुमी आमका जुने आणि गरीब करून भिंतीर लावतास. शहरातलो माणूस बघून म्हणता, "काय ते दिवस!" दिवस खंय गेले नाय, आजव सकाळी रापण लागली. उद्या दशावतारी राजाच्या तोंडार रंग चढतानाचो फोटो पण असोच काढशात?

स्पर्धेतला_गडी

हे मात्र विचार करायला लावणारं आहे. छायाचित्रकार रघुवीर सिंह आयुष्यभर हट्टाने रंगातच काम करत राहिले. भारत रंगातच बघायला हवा, ही त्यांची भूमिका होती. दुसरीकडे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम कृष्णधवलमध्ये केलं. त्यात मला कुणी जुनं किंवा लांबचं वाटत नाही. ते अंगावर येतं.

खाडीपलीकडचा

भाऊ, तुमचं बोलणं लागलं, कारण ते खरं आहे. रापणीचा रोल मी कॅमेऱ्यात घातला तो हातांसाठी. दोर ओढताना दंडाच्या शिरा, ओल्या वाळूत रुतलेल्या टाचा, सगळ्यांचा एकाच बाजूला झुकलेला भार. रंगात बघताना माझी नजर एका निळ्या गंजीफ्रॉकावरच जात राहिली, म्हणून रंग नको असं ठरवलं. पण बांगड्याची पाठ मी घालवली, हेही तितकंच खरं. दशावताराला मी रंगीतच रोल घालीन. ज्या गोष्टीचं सांगणं रंगातच आहे तिचा कृष्णधवल फोटो काढू नये, हे माझ्या मूळ मतात यायला हवं होतं आणि राहून गेलं.

स्टुडिओवाली

चांदीचा हट्ट मी का धरते, तेही सांगते. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर वापरायचा असं डब्यावर लिहिलेलं. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच ३० च्या घरात. बाबा बंदरावरच्या कारखान्यातून मासळीचा बर्फ आणायचे, बादलीत टाकायचे आणि डेव्हलपरची बाटली व टाकी त्यात बुडवून ठेवायचे. गरम डेव्हलपरमधून एकदम थंड पाण्यात गेलं की फिल्मच्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात, तो रोल गेलाच. आणि लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत, विहिरी तळाला गेलेल्या असताना. हायपो, म्हणजे चित्र पक्कं करायचं रसायन, नीट निघायला वाहतं पाणी बराच वेळ लागतं, ते आणायचं कुठून? त्यामुळे खोक्यांतल्या मेमधल्या लग्नांच्या प्रिंट पिवळ्या-तपकिरी पडल्या आहेत आणि गणपतीतल्या प्रिंट अजून काळ्याभोर आहेत. सारखाच कागद, सारखाच हायपो, फक्त विहिरीला पाणी होतं. प्रिंट उलटी न करता ती कुठल्या ऋतूतली हे मला सांगता येतं. फाइलवर असं काही उमटत नाही.

बुरशीचं बोलत नाही. चार पावसाळ्यांत बंद डब्यातल्या निगेटिव्हही गेल्या. त्या वाचवायला मीही आता स्कॅनच करते आहे, आणि स्कॅनमध्ये चांदी नसते हे मला ठाऊक आहे.

पिक्सेलकर_रत्नागिरी

ताई, स्कॅनला मदत लागली तर सांगा, रविवारी मोकळा असतो.

काका, काल तुमच्या गडग्यासारखाच एक गडगा शोधून रॉ मध्ये फोटो काढला. लाल वर, हिरवा खाली. झावळ वेगळी झाली, अगदी काळी. पण प्रामाणिकपणे सांगतो, फार ओढलं तेव्हा पात्यांच्या कडेला पांढरी रेघ आली आणि गडग्यावर नको ती रवाळी दिसू लागली. लालखाली पाव ठिपकेच असतात, त्यावर सगळा भार टाकला की असं होतं. तुमच्या फोटोत त्या कडा स्वच्छ आहेत. तरी मी काढलेला फोटो खोटा आहे हे मी मानणार नाही. झावळ काळी हवी हे मी तिथे उभा असतानाच ठरवलं होतं. हत्यार नंतर चालवलं, एवढंच.

खाडीपलीकडचा

उभे असताना ठरवलं होतं ना? मग तुमचा फोटो माझ्या लेखी खरा. फिल्मची आणि काचेच्या फिल्टरची अट मी मागे घेतो. ठरवण्याची घेत नाही. घरी येऊन, रंग फसले म्हणून करडं करणं यावर मी अजून तिथेच आहे.

एकदा सकाळी आमच्या परसात या. तुम्ही तुमचा कॅमेरा आणा, मी लाल फिल्टर काढून ठेवतो, ताई आल्या तर घरच्या विहिरीला सध्या पाणी भरपूर आहे. मात्र नवी झावळ पडू दे. आताची सुकून गडग्याच्याच रंगाची झाली आहे. तिला वेगळी काढणारा फिल्टर कुणाकडेच नाही.