गरोदरपणात तळहात जळणं, लाली, मुंग्या, खाज : रोज तपासणाऱ्यांचे अनुभव

गावात गरोदर बाईनं "हात जळून राह्यले" म्हटलं की घरातून एकच उत्तर येतं, "गरमी झाली." मग लोहाच्या गोळ्या बंद, अंडी बंद, तीळ-गूळ बंद. खरं तर तळहात जळण्याची कारणं पाच-सहा तरी आहेत. त्यातली बरीचशी निरुपद्रवी असली तरी एक-दोन बाळाच्या जिवावर उठणारी आहेत. विदर्भातल्या उपकेंद्रात, दवाखान्यात, शेताच्या बांधावर या बायांना रोज भेटणाऱ्यांनी इथं लिहावं. स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट नको. काय बघायचं, काय द्यायचं आणि कुठं चुकतं, एवढं नेमकं लिहा.

सिस्टर, उपकेंद्र, यवतमाळ जिल्हा

सर्वांत जास्त विचारणा लालीची असते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हृदयातून दर मिनिटाला निघणारं रक्त 30 ते 50 टक्क्यांनी वाढतं. ते तळहातात जास्त खेळतं, म्हणून हात गरम लागतात. लाली मुख्यतः अंगठ्याच्या बुडाशी आणि करंगळीच्या बुडाशी असते. बोटानं दाबलं की फिकी होते, सोडलं की परत येते. खाज नाही, पुरळ नाही, सोलत नाही. सावळ्या हातावर लाली दिसतही नाही, नुसती उष्णता जाणवते. ती पहिल्या तीन महिन्यांतही सुरू होऊ शकते आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप जाते. औषध लागत नाही. माठाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं हात बुडवणं, ओला पंचा गुंडाळणं पुरतं. फ्रीजमधला बर्फ थेट कातडीला लावू नका.

हात गरम म्हणजे ताप नव्हे. काखेत थर्मामीटर लावा. 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल तर तो ताप, आणि गडचिरोली-गोंदियाकडे गरोदर बाईला ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी झालीच पाहिजे.

आता माझा मुख्य मुद्दा. तळहात लाल दिसले म्हणजे रक्त भरपूर, असं सासूही म्हणते आणि कधी कधी आपली माणसंही म्हणतात. हे साफ चूक आहे. हिमोग्लोबिन 8 असलेल्या बाईचेही हात गरोदरपणात लालसर आणि गरम असू शकतात. म्हणून नुसत्या हातावर जाऊ नका. खालची पापणी ओढून बघा, जीभ बघा, नखं बघा, आणि हिमोग्लोबिन मोजाच. 11 च्या खाली रक्तक्षय, 7 ते 9.9 मध्यम, 7 च्या खाली तीव्र. तीव्र असेल तर थेट रुग्णालय.

लोहाच्या गोळीनं हात गरम होत नाहीत. तिनं मळमळतं, पोट जड होतं, शौच काळी होते, घट्ट होते. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. पहिले तीन महिने संपल्यावर रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि दूध गोळीपासून दोन तास लांब. कॅल्शियमची गोळी 500 मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा, ती जेवणासोबत. लोहासोबत एका घोटात कधीच नाही, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. सिकलसेलची (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) रुग्ण असेल तर मात्र लोह किती द्यायचं हे फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघून डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे सिकलसेल पुष्कळ आहे, म्हणून पहिल्याच भेटीत तपासणी झाली की नाही हे माता-बाल संरक्षण कार्डावर बघा. आणि सिकलसेलच्या बाईचे हातपाय ठणकत असतील तर ती "गरमी" समजून घरी ठेवू नका.

फिजिओथेरपिस्ट, वर्धा

जळजळ तळव्यात आहे की बोटांत, हे आधी विचारा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढ्यातच मुंग्या आणि बधिरपणा, करंगळी मात्र ठणठणीत, असं असेल तर मनगटातली मधली नस दाबली जाते आहे. मनगटाच्या हाडांवर एक पट्टा असतो, त्याखालच्या बोगद्यातून ही नस आणि बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, बोगद्यात जागा उरत नाही. तळव्याच्या कातडीला जाणारी फांदी बोगद्याच्या बाहेरूनच जाते, म्हणून या दुखण्यात तळवा सहसा बधिर होत नाही. तळवा गरम आणि बोटं बधिर अशी दोन्ही लक्षणं असतील, तर ती दोन वेगळी कारणं एकत्र आली असं समजा.

ओळख रात्रीची. बाई दोन-तीन वाजता उठून हात झटकते. झोपेत मनगट मुडपतं, नाहीतर हात गालाखाली जातो. खात्रीसाठी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं खाली, एक मिनिट धरायला सांगा. मुंग्या वाढल्या तर नस दाबते आहे.

उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणं. बाजारातली मनगटाची पट्टी आणली तर तिच्यातली लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पाती आधी बाहेर काढा. ती बहुधा वरच्या बाजूला 20-30 अंश वाकवलेली येते, आणि वर वाकलेल्या मनगटातही नस दाबते. टेबलाच्या कडेला दाबून पाती सपाट करा आणि मग घाला. "पट्टी लावून फरक नाही" अशी तक्रार आली की मी पहिली हीच पाती बघते.

पट्टी मिळत नसेल तर घरी होते. जाड पुठ्ठ्याच्या दोन-तीन पट्ट्या एकावर एक ठेवा. रुंदी तीन बोटं, लांबी तळहाताच्या मधल्या रेघेपासून कोपराच्या चार बोटं अलीकडपर्यंत. त्यावर जुन्या सुती लुगड्याची घडी, हाताच्या आतल्या बाजूला ठेवून 10 सेंटिमीटर रुंदीच्या क्रेप बँडेजनं तळहाताकडून कोपराकडे गुंडाळा. बोटं आणि अंगठा मोकळे राहिले पाहिजेत. मग नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर गुंडाळणं घट्ट झालं आहे. दिवसा पट्टी काढून बोटांचा व्यायाम: बोटं सरळ, मग आकड्यासारखी वाकवलेली, मग पूर्ण मूठ, पाच वेळा, दिवसातून तीनदा, दुखेल इतकं ताणायचं नाही.

कापूस वेचणं, विळ्यानं कापणी, बिड्या वळणं, हापशी मारणं, या सगळ्यांत चिमूट आणि मूठ घट्ट लागते. विळ्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब किंवा चिंधी गुंडाळून जाड करा. पकडायला जोर कमी लागतो. अर्ध्या तासानं हात बदला किंवा थांबा. अंगठ्याखालचा उंचवटा बसत चालला, बटण लागत नाही, हातातून भांडं सुटतं, असं दिसलं तर वाट बघू नका, डॉक्टरकडे पाठवा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या आणि त्यांचे मलम गरोदरपणात आपल्या मनानं नाहीत, विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच नाही.

अंगठी सातव्या महिन्यातच काढून ठेवा. अडकली असेल तर साबण लावा. तरी निघाली नाही तर दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याकडे काढा, दुसऱ्या टोकानं बोटाच्या टोकाकडे जवळजवळ वेढे द्या आणि तळव्याकडचं टोक उलगडत न्या. अंगठी वेढ्यांवरून सरकत बाहेर येते.

आशा गटप्रवर्तक, भिवापूर भाग

आमच्याकडे हात जळण्याचं सगळ्यात उघड कारण मिरची. सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या-निवडायच्या जागी, देठ खुडणाऱ्या बाया घरी येऊन हात पाण्यानं धुतात आणि जळजळ वाढली म्हणून रडतात. मिरचीचं तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी खायचं तेल दोन चमचे हाताला चोळा, कापडानं पुसून घ्या, मग भांड्याच्या साबणानं धुवा, पुन्हा एकदा तेच. गरम पाणी नाही. नंतर थंड दही किंवा ताक लावलं तर बरं वाटतं. डोळ्याला हात नाही.

दुसरं कारण फवारणी. बाई स्वतः पंप मारत नसेल, पण ड्रममध्ये पाणी ती भरते आणि नवऱ्याचे फवारणीचे कपडे तीच धुते. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांसारखं औषध कातडीला लागलं की काही तासांत झिणझिण्या आणि आग सुरू होते, घामानं, उन्हानं, गरम पाण्यानं ती वाढते, आणि बहुधा एका दिवसात उतरते. साबण आणि थंड पाणी. पण हात जळण्यासोबत घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, स्नायू फडफडणं यांतलं काही दिसलं तर तो विषबाधेचा प्रकार. 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्या. लेबलावरून डॉक्टरला उपचार ठरवता येतो. गरोदर बाईनं औषध कालवायचं नाही, ते कपडेही धुवायचे नाहीत. हे नवऱ्याला समोर बसवून सांगावं लागतं, तिला एकटीला सांगून उपयोग होत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ, चंद्रपूर

ज्या एका गोष्टीसाठी मला हा धागा महत्त्वाचा वाटतो ती म्हणजे खाज. सातव्या महिन्यानंतर तळहात आणि तळपायांना खाज, रात्री जास्त, आणि कातडीवर पुरळ नाही, फक्त खाजवल्याचे ओरखडे. याला उष्णता म्हणू नका. यकृतातून पित्ताचा निचरा अडतो आणि पित्ताम्लं रक्तात साठतात. आईला याचा मुख्य त्रास खाजेचाच, पण पित्ताम्लांची पातळी 100 मायक्रोमोलच्या वर गेली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. लघवी गडद, शौच फिकट, डोळे पिवळे ही लक्षणं असली तर निदान सोपं, पण बहुतेकींना कावीळ नसते.

तपासणी यकृताची, म्हणजे एसजीपीटी वगैरे, आणि पित्ताम्लांची. दुसरी ग्रामीण रुग्णालयात मिळत नाही, जिल्ह्याला किंवा मेडिकल कॉलेजला पाठवावं लागतं. अहवाल वाचताना दोन चुका होतात. यकृताच्या तपासणीतलं अल्कलाइन फॉस्फटेज गरोदरपणात वारेमुळे तसंही वाढतं, त्यावरून निदान करू नये. आणि पहिला अहवाल चांगला आला म्हणून बाईला सोडून देऊ नये. खाज टिकली तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा. खाज कधी कधी अहवाल बिघडण्याच्या आधी सुरू होते. कॅलामाइन, खोबरेल तेल यांनी झोप लागते, आजार हटत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी रुग्णालय. पुढच्या गरोदरपणात हे परत येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून कार्डावर ठळक लिहून ठेवा.

खेड्यात खाजेचं याहून कितीतरी वारंवार दिसणारं कारण खरूज. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कंबरेला बारीक पुळ्या आणि घरात आणखी कोणीतरी खाजवत असतं. 5 टक्के परमेथ्रिन मलम गरोदरपणात चालतं. मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत आणि नखांखाली, रात्री लावून 8 ते 12 तासांनी आंघोळ, आठवड्यानं पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर खरूज घरातच फिरत राहते. पोटावरच्या ताणाच्या रेघांत उठलेले, बेंबी सोडून असलेले खाजरे चट्टे त्रासदायक पण निरुपद्रवी. बेंबीपासून सुरू होऊन फोड येत असतील तर लगेच दाखवा.

मेडिकलवाला, दारव्हा

"खाजेचं मलम द्या" म्हणून येणाऱ्यांना क्लोबेटासोल (कडक स्टेरॉइड), अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब देऊ नये. काही दिवस बरं वाटतं, मग नायटा पसरतो, कातडी पातळ होते. गरोदर आहे का, हे मी मागणाऱ्या नवऱ्यालाही विचारतो.

सिस्टर, उपकेंद्र, यवतमाळ जिल्हा

मेहंदीचं राहिलं. थंडावा म्हणून घरी वाटलेल्या पाल्याची मेहंदी लावायला हरकत नाही. काळी, झटपट रंगणारी कोनातली मेहंदी नको. तिच्यातल्या केस रंगवायच्या रसायनानं हाताला फोड येतात. आणि प्रसूतीची तारीख जवळ आल्यावर तळहात-नखं रंगवू नका, रक्त कमी झालं की नखांचा फिकेपणा दिसत नाही.

हातासोबत चेहरा एकाएकी सुजला, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली पोट दुखतं, तर बीपी मोजा. पाच मिनिटं पाठ टेकून बसवून, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून. शेतातून चालत आल्या आल्या मोजलेलं बीपी धरू नका. 140/90 किंवा वर असेल तर लघवीतलं प्रोटीन बघा आणि डॉक्टरला कळवा; 160/110 ला गाडी बोलवा.

प्रश्न : हातापायांचे दोन्ही तळवे जळतात, करंगळीसकट. मांडीच्या बाहेरच्या बाजूलाही आग होते. हे काय?

स्त्रीरोगतज्ज्ञ, चंद्रपूर

मोजे-हातमोजे घातल्यासारखी दोन्हीकडे सारखी आग असेल तर बी-12 ची कमतरता आणि साखर बघा. दूध-अंडी फारशी न खाणाऱ्या बायांत बी-12 कमी असतं. जीभ लाल, गुळगुळीत दिसते. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त सुधारतं पण नसांचं नुकसान चालूच राहतं. साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त. 140 किंवा जास्त असेल तर गरोदरपणातला मधुमेह. हात गरम, ओले, थरथरते, आणि नाडी बसल्या जागी 100 च्या वर असेल तर थायरॉईड. या तपासण्यांसाठी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना मोफत बघतात, ने-आणीसाठी 102.

फिजिओथेरपिस्ट, वर्धा

मांडीची आग वेगळी. कंबरेच्या हाडाजवळून मांडीच्या बाहेरच्या कातडीला एक नस जाते, ती पोटाच्या वजनानं आणि परकराच्या नाडीनं दाबते. नाडी काढून चार बोटं रुंद कापडी पट्टा शिवा, गाठ बाजूच्या हाडावर न येऊ देता पुढे घ्या, आणि रोवणीत तासन् तास उभं राहू नका. ही नस फक्त स्पर्शाची आहे. पाय लुळा पडत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा जात असेल तर कारण दुसरं, ताबडतोब रुग्णालय.

मनगटाचं दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचं जातं, पण पाजताना बाळाचं डोकं मुडपलेल्या मनगटावर पेललं तर लांबतं. बाळाखाली उशी किंवा गोधडीची घडी ठेवा, डोकं कोपराच्या खळग्यात घ्या, मनगट सरळ. रात्रीची पट्टी लगेच सोडू नका. तीन महिन्यांनीही बोटं बधिर असतील तर नसेच्या वहनाची तपासणी करून घ्या.