वीक अ‍ॅसिडला पण तेवढंच एनएओएच (कॉस्टिक सोडा) कसं काय लागलं?

अकरावीचा_गोंधळ:
काल प्रॅक्टिकलला दोन टायट्रेशन केली (अ‍ॅसिड संपवायला किती एनएओएच लागतं ते थेंबथेंब टाकून मोजायचं), एकदा ०.१ मोलर एचसीएल, म्हणजे स्ट्राँग अ‍ॅसिड, आणि एकदा ०.१ मोलर, म्हणजे तेवढ्याच प्रमाणात, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. दोन्ही पिपेटने १० मिली घेतलं, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर एनएओएच, अ‍ॅसिड संपल्यावर गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. अ‍ॅसिटिक वीक आहे म्हणून मला वाटलं चार-पाच मिलीतच गुलाबी होईल, पण दोन्हीकडे रीडिंग १० च्या आसपासच आलं!! आधी पीएच पेपर लावला तेव्हा तर फरक दिसला होता, एचसीएलचा १ आणि अ‍ॅसिटिकचा ३ (आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिडिक). पार्टनर म्हणतोय तूच बाटल्या बदलल्यास. सरांना विचारलं तर म्हणे इक्विलिब्रियम वाच, तो चॅप्टर अजून झालाच नाहीये.

खडू_डस्टर:
बाटल्या बरोबर आहेत, पार्टनरला सांग. असं बघ, दोन चाळी आहेत, दोन्हीत हजार-हजार माणसं. माणसं म्हणजे अ‍ॅसिडचे हायड्रोजन, अंगणात म्हणजे रेणू तुटून पाण्यात मोकळे, घरात म्हणजे अजून रेणूतच. एचसीएलच्या चाळीत झाडून सगळे अंगणात उतरलेत. अ‍ॅसिटिकच्या चाळीत कुठल्याही क्षणी अंगणात साधारण १३ जण, बाकीचे घरात, आणि तेही तेच १३ नाहीत, आत-बाहेर चालूच असतं. पीएच पेपर फक्त अंगणात डोकावतो म्हणून त्याला फरक दिसला. एनएओएच मात्र अंगणात दिसेल त्याला उचलून नेतो, अंगण रिकामं झालं की वरून पुढचे खाली येतात, असं करत करत शेवटी हजारच्या हजार जातात. म्हणून रीडिंग सेम. मॅग्नेशियमची पट्टी टाकून बघ, एचसीएलमध्ये लगेच फसफसेल, अ‍ॅसिटिकमध्ये रमतगमत बुडबुडे येतील, पण पट्टी संपेपर्यंत थांबलास तर हायड्रोजन दोन्हीकडे तेवढाच.

निळा_लिटमस:
वरचं बरोबर आहे. खरा घोळ 'स्ट्राँग' या शब्दाचा आहे, आपण चहाला पण स्ट्राँग म्हणतो ना. मराठी मिडियमवाल्यांचं बरं, तीव्र-सौम्य वेगळं आणि संहत-विरल वेगळं. तीव्र म्हणजे रेणू किती तुटतात, संहत म्हणजे पाण्यात माल किती घातलाय. ०.००१ मोलर एचसीएल घे, पीएच ३, म्हणजे तुझ्या अ‍ॅसिटिकच्या जवळपास तेवढाच, पण त्याचे १० मिली मारायला तुझं एनएओएच फक्त ०.१ मिली लागेल, दोन थेंब टाकले की खेळ खलास. अ‍ॅसिटिकला १० मिली. पेपरवर दोघं जुळे भाऊ वाटतील.

घरचीच_लॅब:
म्हणजे वीक अ‍ॅसिड असलं की घाबरायचं कारण नाही, बरोबर ना? लिंबू, व्हिनेगर सगळं आपण खातोच की

निळा_लिटमस:
अजिबात नाही! हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड पुस्तकात वीकच्या यादीत आहे आणि ते काच खातं, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. अंगावर सांडलं तर कधीकधी आधी दुखत पण नाही, आत शिरून कॅल्शियम पकडतं, त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावतात आणि तडक हॉस्पिटल. वीक म्हणजे फक्त पाण्यात कमी तुटतं, बाकी काही गॅरंटी नाही.

कडप्प्याची_मालकीण:
केमिस्ट्री सोडून ४० वर्षं झाली पण लिंबाबद्दल बोलते. आमच्या कडप्प्याच्या ओट्यावर अर्धं लिंबू रात्रभर उपडं राहिलं, सकाळी बरोब्बर तेवढाच गोल पांढुरका डाग. घासणी, साबण, खोबरेल सगळं झालं, जात नाही. मुलगी म्हणाली आई तो डाग नाहीये, दगडच खाल्लाय, कडप्पा म्हणजे चुनखडी. तुमचं ते सौम्य आम्ल हं.

अकरावीचा_गोंधळ:
चाळ डोक्यात बसली 😄 अजून एक, शेजारच्या ग्रुपने अ‍ॅसिटिकला चुकून फिनॉल्फ्थॅलिनऐवजी मिथिल ऑरेंज टाकलं, त्यांचा रंग तीन मिलीलाच बदलून पण गेला. ते का?

खडू_डस्टर:
कारण मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ पीएचमध्येच रंग बदलतं, आणि तुमचं अ‍ॅसिटिक तीनेक मिलीतच ४.४ ला पोचतं, तेव्हा घरात अजून सातशे माणसं बसलेली असतात. शेवटी जे सोडियम अ‍ॅसिटेट उरतं ते थोडं बेसिक, पीएच ८.७ च्या आसपास, म्हणून तिथे फिनॉल्फ्थॅलिनच लागतं. त्यांना परत करायला लाव, आणि जर्नलमध्ये १० लिहून मोकळे झाले असतील तर गप्प बस.