ड्रायव्हरमधून चिपसेट कसा ओळखावा?

प्रश्न (नागपूर) : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकाच नावाची दोन नेटवर्क कार्डे आहेत, पण माझा लिनक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) त्यांपैकी एकावरच नीट चालतो. आतील चिपसेट (कार्डाचे काम करणाऱ्या चिपांचा संच) वेगळा असल्यास तो कसा ओळखावा?

उत्तर १ : खोक्यावरील नावावर विसंबू नका. प्रत्येक पीसीआय (संगणकाला कार्डे जोडण्याची प्रमाणित पद्धत) उपकरणाच्या कॉन्फिगरेशन स्पेसच्या, म्हणजे त्याची ओळख-माहिती ठेवलेल्या जागेच्या, आरंभी १६ बिटांचा उत्पादक क्रमांक (इंटेलचा हेक्समध्ये, म्हणजे १६ पायाच्या अंकपद्धतीत, ८०८६, म्हणजे त्यांच्याच जुन्या प्रोसेसरचे नाव) आणि पाठोपाठ तेवढाच उपकरण क्रमांक असतो. ते ड्रायव्हरच्या आयडी-तक्त्यात (चालणाऱ्या उपकरणांच्या क्रमांकांच्या यादीत) नोंदवले, की जुळणी होताच कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः ड्रायव्हरमधले प्रोब फंक्शन (उपकरण तपासून सुरू करणारा भाग) बोलावतो.

उत्तर २ : दोन्ही कार्डांचे हे दोन क्रमांक सारखे आल्यास त्याच जागेतील ८ या ऑफसेटवरील (आरंभापासून ८ बाइट पुढचा) रिव्हिजन, म्हणजे चिपच्या आवृत्तीचा, क्रमांक प्रोबमध्येच वाचावा.

प्रश्नकर्ता : रिव्हिजनच वेगळा निघाला. मनःपूर्वक आभार.